मावशीची रजा

ट्रक अजून आला नव्हता. शवपेटी चिलेशेच्या अंगणात आंब्याखाली ठेवली होती आणि पाद्री तिसऱ्यांदा घसा खाकरत होते.

"थोडं थांबू," चिलेशे म्हणाला. "कारखान्यातली माणसं येतीलच."

शेकोटीभोवती बसलेले शेजारी रस्त्याकडे बघत होते. ज्याच्या दारच्या मयताला माती द्यायला सोबती येत नाहीत, तो कसला मोठा माणूस? एन्डोला शहरात असं तोंडावर बोलतात.

बादल्यांच्या कारखान्यात चिलेशे मॅनेजर झाला, तेव्हा चिनी मालक थांगसाहेब वैतागून म्हणाले होते, "तुमच्यात एकेकाला आया तरी किती? सारखी कुणाची तरी आई मरते!" चिलेशे पोट धरून हसला होता. आईची बहीण आमच्यात आईच असते, एवढं सांगायला कितीसा वेळ लागला असता? त्याऐवजी त्याने साहेबाहून कडक नियम काढला. आईबाप, बायको, मुलं. बाकी कुणाच्या मयताला रजा नाही.

मशीनवरचा मुसोंडा त्याच्यापुढे रडला होता. "अरे, तिनंच वाढवलंय मला!"

"जन्म दिला का? नाही ना? मग मावशी ती. चल, मशीनवर जा."

आता पेटीत चिलेशेची थोरली आई, म्हणजे आईची मोठी बहीण होती. जन्मदाती त्याला आठवतही नव्हती. घास भरवला, शाळेत घातलं, ते हिनेच. त्याने चाचरत रजा मागितली, तर थांगसाहेब लगेच म्हणाले, "मावशी ना? जा जा. नियम कामगारांना, तुला कसला?" तेव्हा त्याला बरं वाटलं होतं. त्याची आता लाज वाटत होती.

शेवटी गाडी आली. एकटे थांगसाहेब उतरले. त्यांनी मक्याच्या पिठाचं पोतं स्वतः उचलून आत नेऊन दिलं, मग पेटीपुढे तीनदा वाकले.

"बाकीचे?" चिलेशेने विचारलं.

"ट्रक दारात उभा केला होता मी. कुणी चढेना. मुसोंडा म्हणाला, मावशीला रजा नसते."

चिलेशेने मान खाली घातली. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आवाजात खरंखुरं कौतुक होतं.

"माझे वडील गेले तेव्हा मीही इथं कामावरच होतो. इतकी वर्षं यांना तेच शिकवत होतो, जमलं नाही. तू शिकवलंस, चिलेशे! आज एकही मशीन बंद नाही."