पोचले हं

आमचं सॉफ्टवेअर फायली आपोआप इकडून तिकडे पाठवायचं, पण अगदी उघड्यावर. वाटेत कुणीही डोकावून पाहावं. त्या कुलूपबंद पाठवायची सोय करायचं काम आण्णांकडे आलं.

चाचणीसाठी आण्णा कायम एकच फाईल पाठवत. क्लासला पोचल्यावर त्यांच्या लेकीनं फोनवरून स्वतःच्या आवाजात पाठवलेला निरोप होता तो: "बाबा, पोचले हं." पलीकडे तो वाजला की काम फत्ते. गेल्या वर्षी लेक अपघातात गेली. आण्णांनी फाईल बदलली नाही, आणि बदला म्हणायची आमची कुणाची छाती झाली नाही.

नव्या वाटेनं फाईल माझ्या कॉम्प्युटरवर आली. तपासून पाहिली, मूळ फाईलशी तंतोतंत जुळली. वाजवली, तर लेकीचा आवाजच नाही. बाहेरून कुणीतरी दार हलवावं तशी खडखड तेवढी.

"आण्णा, जुन्या वाटेनं पाठवा बरं," मी म्हणाले.

"बाबा, पोचले हं."

लेकीचा आवाज स्वच्छ आला. मग परत नव्या वाटेनं. खडखड, आता जोरात.

"तुझा स्पीकर बिघडलाय गं," आण्णा हसून म्हणाले. जुनी वाट आजच बंद करा, असं साहेबांनी बजावलं होतं. आण्णांनी ती बंद केली.

मग त्यांनी स्वतःच्या कॉम्प्युटरवरची मूळ फाईल वाजवली. ती तर कुठे गेलीच नव्हती.

आधी खडखड झाली. मग रडवेला आवाज आला.

"बाबा, आतून कडी का लावलीस?"