ताईचा आवाज

भावाबहिणीच्या गाण्यांच्या अल्बमचं घोडं कित्येक वर्षं पेंड खात होतं. कधी त्याचे दौरे, कधी तिची आजारपणं. अखेर त्याने स्टुडिओत बोलावलं, तेव्हा ती रियाज करूनच आली. भावाने हसत तिच्या कानांवर हेडफोन चढवला. तिचाच आवाज आला, विशीतला, लखलखीत. हे गाणं तर तिने गायलंच नव्हतं! “जुन्या कॅसेटींवरून कॉम्प्युटरने तुझा आवाज बनवला, ताई. सगळी गाणी तयार आहेत. तुला दगदग नको.” तिने एका कानावरचा हेडफोन बाजूला केला. “मग मला बोलावलंस कशाला?” “कव्हरवरच्या फोटोसाठी.” ती गाणं शेवटपर्यंत ऐकत राहिली. “यात मी श्वास कुठे घेते रे?” हेडफोन काढून ती माइकसमोर गेली. “पेटी घे.” तिसऱ्या ओळीला तिला धाप लागली. ती श्वास घेईपर्यंत भावाने पेटीवर तोच सूर धरून ठेवला.