बशीची खडखड

बालरुग्णालयाच्या प्रमुखपदाच्या मुलाखतीत डॉ. मृदुला रेग्यांच्या हातातली बशी खडखडली आणि छातीत टाळ वाजू लागले. आता गेली नोकरी! मेंदूतली भीती काढायचं ऑपरेशन प्रत्येक डॉक्टरला सक्तीचं होतं. त्यांनी ते चुकवलं होतं.

"घाबरता होय?" समोर बसलेल्या पाच डॉक्टरांपैकी डॉ. सामंतांनी विचारलं.

"हो सर. लेकरू तापलं की जीव थाऱ्यावर राहत नाही."

"मग उद्यापासूनच या, बाई. आमची सगळ्यांची भीती काढलीय. महिन्यात सहा पाळणे रिकामे झाले, कुणी दचकलंसुद्धा नाही. देवाचा धावा करायलाही आधी जीव घाबरावा लागतो हो!"

तेवढ्यात शेजारच्या वॉर्डात मघापासून रडणारं बाळ एकाएकी गप्प झालं.

पाचही डॉक्टर शांतपणे चहा पीत राहिले. कपबशी टाकून पळत सुटल्या त्या एकट्या मृदुलाबाई.