हौसाबाईची ओळख

वणव्यात वाडी जळाली तेव्हापासून हौसाबाई गप्प होती. शाळेत आसरा घेतलेल्या बायका रडत, भांडत. ती नुसती भिंतीकडे बघत बसे. आज त्याच शाळेत मतदान होतं, म्हणून तिची लेक नलू तिला हाताला धरून शेजारच्या वर्गात घेऊन आली.

"ओळखपत्र?" अधिकाऱ्याने विचारलं.

"घराबरोबर जळालं," नलू म्हणाली.

"मग घरच्यांखेरीज वाडीतल्या कुणीतरी ओळख पटवून द्यायला हवी."

खोलीत वाडीतला एकटा तातोबा होता, एका उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून बाकावर बसलेला. त्याचं आणि हौसाबाईचं कुंपणाला कुंपण, आणि कोंबड्यांवरून जुनं वैर. तिचं मत विरोधातच जाणार हे गृहीत धरून तो छताकडे बघत म्हणाला, "ही बाई कोण, मला काय ठावं न्हाई बुवा."

"मुडद्या!" हौसाबाईचा आवाज फुटला. "माझी कोंबडी खाल्लीस तवा बरा वळखत हुतास!"

"हौसे, तुझी कोंबडी मुंगसानं नेली, किती येळा सांगू?" तातोबा ताडकन उठला.

अधिकाऱ्याने हसू दाबत हौसाबाईच्या बोटाला शाई लावायला सांगितलं. नलूने गुपचूप डोळे पुसले. आईला असं तोंडभर भांडताना ऐकायला ती आसुसली होती.

मत देऊन निघताना हौसाबाई दारात थांबली आणि तातोबाला ऐकू जाईल अशा बेताने लेकीला म्हणाली, "वणव्यात टँकर धाडला म्हनून ह्याच्याच माणसाला देनार हुते गं. आता न्हाई दिलं."