फ्रिजमागचा माणूस

फ्रिजसमोर तीन खुर्च्या मांडून झाल्या. मधल्या खुर्चीवर क्षितिज बसला. एका बाजूला त्याची आई प्रमोदिनीबाई, दुसऱ्या बाजूला शेजारचे मल्लाप्पा. मल्लाप्पांना भाषांतरासाठी बोलावलं होतं. भाषांतर करायचं होतं ते फ्रिजमागच्या माणसाचं. हा माणूस फक्त क्षितिजला ऐकू येई आणि क्षितिजच्या मते तो कन्नड बोले. क्षितिजचं स्वतःचं कन्नड रिक्षावाल्याशी घासाघीस करण्यापुरतं होतं.

मल्लाप्पा चिकोडीकडचे, त्यामुळे दोन्ही भाषा त्यांच्या घरच्याच. सगळी नोकरी बंगळूरच्या पीण्या भागातल्या कारखान्यात झाली, पण असलं काम त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी दाराबाहेर चपला काढल्या, कुठे बघावं ते न सुचून फ्रिजलाच ओझरता नमस्कार केला आणि अंग चोरून बसले.

हा सगळा घाट प्रमोदिनीबाईंचा. सरकारी प्रयोगशाळेत धातू तपासण्यात त्यांची हयात गेली होती. मुलाला आवाज ऐकू यायला लागले तेव्हा त्यांनी एकापाठोपाठ तीन डॉक्टर गाठले. पहिल्याने स्किझोफ्रेनिया सांगितला. दुसरा म्हणाला, छे, हा तर बायपोलर. तिसऱ्या डॉक्टरबाईंनी दोन्हींची खिचडी वाटावी असं एक लांबलचक नाव सांगितलं आणि वर म्हणाल्या, नावापाशी अडू नका, गोळी आजच सुरू करा. प्रमोदिनीबाई नावापाशीच अडल्या. एकाच पोलादाचे तीन निकाल आले की आधी नमुन्यात खोट शोधायची, ही त्यांची जन्माची सवय. डॉक्टर विचारतात आवाज काय म्हणतो, आणि मुलगा सांगतो कळत नाही. मग निदान जुळणार कसं? तेव्हा आवाजाचा अर्थ लागेपर्यंत गोळी बंद. गोळ्या कपाटात गेल्या आणि किल्ली त्यांच्या पर्समध्ये.

क्षितिज बेळ्ळंदूरच्या ऑफिसातून रजा घेऊन घरी होता. झोप नसल्याने त्याचे डोळे तांबारले होते. त्याला भीती वाटत होती, लहानपणी वाटली नव्हती इतकी. पण भीती मोजायचं यंत्र आईच्या प्रयोगशाळेत नव्हतं, त्यामुळे ती मोजायची राहून गेली.

"बोलतोय का?" प्रमोदिनीबाईंनी विचारलं.

"हो."

"मग ऐकू येतं तसं म्हण. मनाचं काही घालू नकोस."

क्षितिज डोळे मिटून पुटपुटायला लागला. मल्लाप्पांनी कान पुढे केला. ते कन्नड नव्हतं. मराठी नव्हतं, कारखान्यात कानावर पडणारं तेलुगू-तमिळही नव्हतं. नुसते भरभर, तुटके आवाज होते. पोराचा चेहरा बघून खरं सांगणं मल्लाप्पांच्या जिवावर आलं.

"काय म्हणतोय?"

"काय वंगाळ न्हाई बघा, अक्का," मल्लाप्पा घसा खाकरून म्हणाले. "ऊटा आयता, म्हणतोय. जेवण झालं काय, असं विचारतोय की."

प्रमोदिनीबाई ताडकन उठल्या. "म्हणजे हुकूम नाही, धमकी नाही, शिवीगाळ नाही! ही माहिती तिघांपैकी एकाकडेही नव्हती. आता चौथ्या डॉक्टरला दाखवायलाच हवं. तोवर गोळीचं नाव काढायचं नाही." त्या फोन शोधायला लागल्या.

मल्लाप्पांनी कपाळाला हात लावला. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

"आई, काका खोटं सांगताहेत," क्षितिज म्हणाला. "ऊटा आयता मला कळतं. ऑफिसचा वॉचमन रोज विचारतो. हा असलं काही म्हणत नाही."

मल्लाप्पांनी मान खाली घातली.

"मग काय म्हणतो तरी काय तो?"

"मला तो कळायला नकोय, आई. थांबायला हवाय."

तुला काय हवंय, हे एवढ्या दिवसांत प्रमोदिनीबाईंनी त्याला विचारलंच नव्हतं, आणि त्याची त्यांना फार लाज वाटली. त्यांनी पर्स उपडी केली, कपाट उघडलं आणि गोळी नि पाण्याचा पेला त्याच्यापुढे धरला.

"घे बाळा."

"जेवल्यावर घ्यायचीय ती."

"अजून जेवला नाहीस? मी रोज सकाळी करून ठेवते की सगळं."

क्षितिजने आईकडे पाहिलं, मग मल्लाप्पांकडे.

"कालपासून नाही जेवलो," तो म्हणाला. "जेवण फ्रिजमध्ये असतं."