लाभार्थीचं स्टूल

“चांदणी, तू बस स्टुलावर,” बिडकर सर म्हणाले. समाजकार्याच्या वर्गात मुलाखतीचा सराव असला की हे ठरलेलंच. कार्यकर्त्याला हात असलेली खुर्ची, लाभार्थीला स्टूल. आणि वर्षभर लाभार्थी मीच, कारण वर्गात पालावरून आलेली पारधी मी एकटी. “तुला अभिनय करावाच लागत नाही गं,” असं सर वर कौतुकानं म्हणतात.

मागच्या खेपेला खुर्चीतल्या मुलीनं विचारलं, घरात दारू कोण पितं, नवरा मारतो का. मी गप्प बसले. सरांनी वर्गाला सांगितलं, “लिहा, लाभार्थी सहकार्य करत नाही.” सगळ्यांनी मुकाट्यानं लिहून घेतलं.

आज मी सरळ जाऊन खुर्चीत बसले.

“सर, आज तुम्ही बसा स्टुलावर. मलाही सराव नको का?”

वर्ग हसला. सरही हसतच बसले.

“घरात दारू कोण पितं?”

सरांचं हसू मावळलं.

“बायकोला मारता का?”

“तोंड सांभाळून बोल! आमच्या घरात असलं काही चालत नाही.”

“तुम्हीच शिकवलेले प्रश्न आहेत, सर.”

सर ताडकन उठले. स्टूल आडवं पडलं.

मी वर्गाकडे वळले. “लिहा, लाभार्थी सहकार्य करत नाही.”

एकाचंही पेन हललं नाही. समतेवर तासभर बोलणारी ही सगळी मंडळी खाली मान घालून बसली होती.

मी स्टूल उचललं आणि त्यांच्यासमोर नीट मांडलं.

“चला, आता कोण बसतंय?”