परदेशी दाखवायची गुणाबाई

"मावशी, ही साडी चालणार नाही. जरा फाटकी नेसून या," कॅमेरावाला म्हणाला.

गुणाबाईचं डोकंच फिरलं. उमरीच्या बाजारातली हिरवी साडी ती खास आजच्यासाठी नेसून आली होती. पण राग गिळून ती घरी गेली आणि बदलून आली. मच्छीमार सोसायटीच्या चेअरमननं शब्द दिला होता ना! नीट बोललीस तर अनुदानाच्या होडीसाठी तुझ्या सुदामचं नाव पुढच्या यादीत घालतो म्हणून. तिचा नवरा देविदास थर्माकोलच्या तुकड्यावर बसून तलावात जाळं टाकायचा. तीन वर्षांपूर्वी तो त्यावरूनच पाण्यात पडला आणि बुडाला. आता लेकही तसाच थर्माकोलवर बसून जात होता.

बोलायचं एवढंच होतं, "अनुदान बंद झालं तर आमी मरू." परदेशात व्यापाराची मोठी बैठक होती. मच्छीमारांचं अनुदान बंद करा, असं श्रीमंत देश म्हणत होते. त्यांचं तोंड बंद करायला आपले साहेबलोक तिथं ही फिल्म दाखवणार होते. अवाढव्य बोटींनी समुद्र खरवडून खाल्लेल्यांनी थर्माकोलवाल्यांना शिकवायचं! गुणाबाईला त्यांचाही संताप आला होता.

शूटिंगला होडी चेअरमनची. रविवारी हौशी पाहुण्यांना पैसे घेऊन तलावात फिरवणारी, गुबगुबीत गाद्यांची.

"गाद्या काढा हो, गरिबी दिसली पाहिजे," कॅमेरावाला ओरडला. चेअरमन लांब फोनवर बोलत होता. कुणीतरी गाद्या उचलून काठावर टाकल्या आणि गुणाबाईला होडीत बसवलं.

गादीखालच्या लाकडावर पत्र्याची पट्टी ठोकलेली होती. सातवी शिकलेल्या गुणाबाईनं ती वाचली. शासकीय अनुदानातून. लाभार्थी म्हणून देविदासचं नाव, बापाच्या नावासकट. खाली तारीख, तो बुडाला त्याच्या चार महिने आधीची.

तिनं नावावरून बोट फिरवत पुन्हा वाचलं.

"बोल की गुणाबाई! अनुदान बंद झालं तर..." फोन खिशात घालत चेअरमन काठावरून म्हणाला.

तिनं पदर खोचला आणि सरळ कॅमेऱ्यात पाहिलं.

"होडी नावावर असून माझा मालक बुडून मेला. बंद करा म्हणावं अनुदान, आजच करा. अन् कॅमेरा ह्या चेअरमनच्या दारात लावा, रडणारे तिथंच गावतील!"